काळूकाठचा कॅम्पर

फोन प्रीतमने केला होता. "मॅडम, आमचे सासरे उठत नाहीयेत. टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या काठावर. लवकर या."

सहायक पोलीस निरीक्षक मेघना सुर्वे पोचली तेव्हा नदीवर धुकं होतं आणि काठावर बघे. एक जुनी रुग्णवाहिका नदीकडे तोंड करून उतारावर उभी होती. लिलावात घेतलेली, पांढऱ्याची हिरवी केलेली, आत पलंग, शेगडी, बेसिन. चाकांवरचं घर. कोलशेतचे परशुराम केणे त्या घरात पलंगावर मेले होते. दाराशेजारी छोटा पेट्रोल जनरेटर होता, धूर सोडणारी बाजू गाडीच्या पोटाकडे वळवलेली.

"जनरेटर कोणी बंद केला?"

"मी. आल्या आल्या," प्रीतम म्हणाला. गोरागोमटा जावई, गळ्यात कॅमेरा, डोळे लाल.

"आणि दार?"

"नुसतं ओढलेलं होतं."

"इतक्या सकाळी कशाला आलेलात?"

"शूटिंगला. मी आणि बाबा कॅम्पिंगचं चॅनल चालवायचो. सकाळचा उजेड हवा होता. पहिल्या गाडीने टिटवाळ्याला उतरलो, तिथून रिक्षा. बाबा काल संध्याकाळीच इथे आलेले."

दारावर पत्र्याची पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. मेघनाचा हात सवयीने बुटांकडे गेला, मग ती तशीच आत चढली. म्हाताऱ्याचं डोकं ड्रायव्हरच्या केबिनकडे होतं, म्हणजे उताराच्या बाजूला. उशी घसरून केबिनला टेकली होती. बेसिनमधलं पाणी एका कडेला जमलं होतं. तळपाय उघडे आणि स्वच्छ. बाहेर घोट्यापर्यंत चिखल.

मोठे साहेब आले, गाडीखाली वाकले आणि त्यांना हवं ते सापडलं. गाडीच्या तळाला भोकं होती.

"इथून धूर आत गेला. ही कोणी पाडली?"

"राजरत्नने," मुलगा धनेश म्हणाला. तोही आत्ताच पोचला होता. "गाडी त्यानेच बनवली. डोंबिवलीचा गॅरेजवाला."

साहेबांनी आडनाव विचारलं. धनेशने सांगितलं. साहेबांचा चेहरा सैल झाला. हे आडनाव सोडवायला कुठल्या नगरसेवकाचा फोन येणार नव्हता, कुठला सोसायटीचा अध्यक्ष पोलीस ठाण्यात बसून राहणार नव्हता. संध्याकाळपर्यंत राजरत्न कोठडीत होता. कलम सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे जामीन सहजासहजी नाही. उद्या कोर्टात उभं करून पोलीस कोठडी मागायची होती. त्याचा फोटो मोबाइलवर सगळ्या कल्याण-डोंबिवलीत फिरला, वर लिहिलेलं, 'मौत का मेकॅनिक'.

मेघना गजांपाशी उभी राहिली.

"भोकं कशाला पाडलीत?"

"आत गॅसची शेगडी आहे ना, मॅडम. सिलिंडरचा गॅस जड असतो, गळला की खाली बसतो. त्याला निघायला तळाला वाट ठेवतात. नाय ठेवली तर काडी ओढल्यावर गाडी उडेल. साहेबांना सांगितलं. ते बोलले, वकिलाला सांग."

"पण धूर तिथूनच आत गेला."

"जनरेटर गाडीपासून लांब ठेवायचा, धूर वाऱ्याबरोबर पलीकडे जाईल असा. हे तर प्रीतमशेटच व्हिडिओत सांगतात. आणि दादांकडे जनरेटर नव्हताच. त्यांना त्याच्या आवाजाचा तिटकारा. मी छतावर सोलर बसवून दिलेला. कोलशेतच्या प्लॉटवर असले की पंपाच्या खोलीतून वायर ओढायचे."

"मग हा कोणाचा?"

"प्रीतमशेटचा. शूटिंगच्या दिव्यांसाठी आणतात."

"परशुरामदादा तुम्हाला काही देणार होते?"

"देणार नव्हते, भाड्याने देणार होते. बिल्डरला न विकलेला तो शेवटचा प्लॉट. माझी शेड, आणि बाजूला कॅम्परवाल्यांना उभं राहायला जागा. पाणी, लाइट, संडास. दादा बोलायचे, चाकावरचं घर घेऊन माणूस आपल्या ठाणे शहरात आला तर त्याला रात्री कोण उभं राहू देतं? पोलीस काठी आपटतात. करार पुढच्या आठवड्यात होता."

"घरच्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांच्या देखत सांगितलं त्यांनी. जेवत होतो. धनेशशेट ताट सरकवून उठले. प्रीतमशेटनी माझा हात धरून अभिनंदन केलं."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मेघनाने हवालदार पंढरीच्या मोबाइलवर त्या चॅनलचे व्हिडिओ लावले. प्रीतम कॅमेऱ्यात बघून धडाधड सल्ले देत होता. गाडी घेण्याआधी चार दिवस भाड्याने घेऊन राहून बघा. सांडपाणी ओढ्यात सोडू नका. नदीच्या वाळूत गाडी घालू नका, चाकं रुततात. मागे लुंगी लावून बसलेला परशुराम मध्येच तोंड घालत होता.

"आन् झोपताना गारी सपाट करायची. ही बघ, फली घालायची चाकाखाली. निदान डोस्का तरी चरावाच्या बाजूला पायजे. नायतं सकाली डोस्का दगराचा होतं."

"हो, बाबा तेच सांगतायत, गाडी लेव्हल करा, निदान डोकं चढाकडे ठेवा. आणि मित्रांनो, निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. वायर काढली का, पायरी आत घेतली का..."

"चपला पयल्या बग. परत्येक येरी कुनाच्या तरी चपला मागं ऱ्हातात." म्हातारा हसला. "याला काय ठावं? हा शूटिंग झाला का घरी जातंय एसीन झोपाला."

पंढरी खिदळला. "सासऱ्याने काढली ना इज्जत. आणि हा शहाणा तेच एडिट करून टाकतोय."

"पंढरी, नदीवरच्या पंचनाम्यात चपला आहेत?"

"नाहीत, मॅडम. गाडीत नाय, बाहेर नाय. मीच यादी केली."

"म्हाताऱ्याने गाडी उतारावर उभी केली, फळ्या घातल्या नाहीत, डोकं खाली करून झोपला. आणि कोलशेतवरून अनवाणी आला?"

पंढरीचं खिदळणं थांबलं.

केण्यांचा टॉवर केण्यांच्याच शेतावर उभा होता. खाडीकडे जाणारी सगळी जमीन बिल्डरने गिळली, बदल्यात वरच्या मजल्यावर मोठे फ्लॅट दिले. प्रवेशद्वारावरच्या रखवालदाराने परशुरामला कधी सलाम केला नसेल, पण आज तिथेच परशुरामच्या फोटोला हार होता. दार जयाने उघडलं. परशुरामची बायको. घरात ती एकटीच होती.

"ते इथं झोपत नव्हते?"

"टावरान त्याला झोप यायची नाय. बोलायचा, मना कबाटान ठेवलाय असा वाटतं. म्हनून प्लॉटवर गारीन झोपायचा."

"परवा संध्याकाळी गाडी कुठे होती?"

"प्लॉटवरच. मी डबा दिला, तवा प्रीतम पन व्हता, बाटली घेऊन. सकाली खिरकीतून बगला तं गारी नाय. मना वाटला, जेला असंल नदीवर."

"प्लॉटच्या फाटकाची चावी कोणाकडे असते?"

"एक त्याचेकरं, एक धनेशकरं, एक जावयाकरं. ही माजी."

मेघना तिची चावी घेऊन खाली उतरली. प्लॉटला लागून नव्या टॉवरचं काम दिवसरात्र चालू होतं. पंप, क्रेन, काँक्रीटचा मिक्सर. इतका गोंगाट की पंढरीला ओरडून बोलावं लागत होतं. पंपाच्या खोलीतून निघालेली वायर गवतात वेटोळं करून टाकली होती. तिच्या टोकाशी दोन जाड फळ्या, त्यांवर टायरचे ठसे. आणि फळ्यांच्या डाव्या अंगाला, जिथे गाडीचं दार आलं असतं तिथे, शेजारी शेजारी ठेवलेल्या चपला. एकीचा अंगठा मासेमारीच्या जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवलेला.

मेघनाने फोटो काढले. चपलांना हात लावला नाही.

"घेऊ पिशवीत?" पंढरीने विचारलं.

"नको. तू पंपाच्या खोलीत बस. बाहेर दिसू नकोस. मोबाइल चार्ज आहे ना?"

ती परत वर गेली तोपर्यंत धनेश आणि प्रीतम आले होते. धनेशसमोर सोफ्यावर बिल्डरचा माणूस बसला होता, सांत्वनाला म्हणून. सुतक चालू होतं आणि टीपॉयवर प्लॉटचा नकाशा होता.

"मॅडम, त्या गॅरेजवाल्याला शिक्षा होईल ना?" धनेशने विचारलं.

"केस जवळपास तयार आहे. एकच अडतंय. तुमच्या वडिलांच्या चपला कुठेच मिळत नाहीत. कोर्टात त्याचा वकील तेच धरून बसेल, म्हातारा तिथे आलाच नव्हता म्हणेल."

"चपलांवरून?" धनेश चिडला. "नदीत गेल्या असतील. कुत्र्याने नेल्या असतील. माझा बाप मेलाय आणि तुम्ही चपला शोधताय?"

"शोधायला पाहिजेत, मॅडम," प्रीतम मवाळ आवाजात म्हणाला. "बाबांची शेवटची वस्तू. काठावर नीट बघितलंय का कोणी? मी उद्या सकाळी जाऊन बघतो."

"बघा," मेघना म्हणाली.

पोलीस ठाण्यात साहेब वाट बघत होते. "सुर्वे, कागद अजून का नाही पूर्ण झाले? साधी केस आहे."

"एक दिवस द्या, सर."

"एकच. आणि त्या गॅरेजवाल्याकडून कबुली नाही आली अजून. तुमच्या गोड बोलण्याने ती येणारही नाही."

तिला तो एक दिवस हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रीतम ठाण्यात आला. सोबत धनेश होता. प्रीतमने साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत चपला, ओल्या, वाळू लागलेल्या. अंगठ्याला निळा दोरा.

"काठावरच्या झुडपात होत्या," तो म्हणाला. "पंचनाम्यात कशा सुटल्या कोण जाणे."

"मिटलं," साहेब म्हणाले.

"प्रीतमशेट," मेघनाने विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतात?"

"घरी. पाहुणे येत होते."

"कोलशेतच्या प्लॉटवर नव्हतात?"

"तिथे मी कशाला जाऊ?"

पंढरीने मोबाइल टेबलावर ठेवला. व्हिडिओत फाटक उघडत होतं. प्रीतम आत आला, सरळ फळ्यांपाशी गेला, दोन्ही बाजूंना बघितलं, वाकला आणि चपला शर्टाखाली घातल्या. पंखा फिरत होता.

"त्याच आहेत," मेघनाने निळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "मी परवानगी न घेता तुमच्या सासऱ्यांच्या चपला काल तिथेच पडू दिल्या."

"आठवण म्हणून घेतल्या मी," प्रीतम म्हणाला. आवाज अजूनही मवाळ.

"मग झुडपात मिळाल्या असं का सांगितलंत?"

प्रीतमने पिशवीकडे हात नेला.

"मी सांगते. परशुरामदादा अनवाणी गाडीत चढायचे, चपला दाराबाहेर. त्या रात्री ते प्लॉटवरच झोपले, पलंगावर, तुम्ही आणलेली दारू पिऊन. तुम्ही तुमचा जनरेटर गाडीखाली त्या भोकांपाशी सरकवला. शेजारी मिक्सर धडधडत होता, आवाज कोणाला जाणवला नाही. पण म्हातारा प्लॉटवर मेलेला सापडून चालणार नव्हतं. तिथे पंपाच्या खोलीतली वीज आहे. वीज असताना जनरेटर कोण लावेल? म्हणून गाडी जिथे वीज नाही अशा जागी न्यायला हवी होती. वायर तुम्ही आठवणीने काढलीत. ड्रायव्हरचं दार उजवीकडे, पलंगाचं डावीकडे. तुम्ही उजवीकडून चढलात आणि निघालात. फेरी मारली नाहीत."

धनेश प्रीतमकडे बघत होता.

"नदीवर गाडी जशी थांबली तशी ठेवलीत. तोंड उताराला, प्रेताचं डोकं खाली. ज्याने एक रात्र जरी त्या गाडीत काढली असती त्याला ते खुपलं असतं. तुम्ही जगाला सल्ले दिलेत, त्यातला एक वापरलात. जनरेटरच्या धुराचा."

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं. त्यांना अजून आशा होती.

"सर, मी काल यांना फक्त एवढंच सांगितलं की चपला मिळत नाहीत. कुठे आहेत ते सांगितलं नाही. निर्दोष माणूस नदीवर शोधायला गेला असता. धनेशशेट तर गेलेच नाहीत. ज्याला माहीत होतं की गाडी प्लॉटवरून प्रेत घेऊन निघाली, तोच तिथे गेला."

"दाजी," धनेश हळू म्हणाला, "तू बोललेलास, आपण बाबांना समजावू."

प्रीतमचा मवाळपणा गळून पडला. "समजावू? वर्षानुवर्षं त्या म्हाताऱ्याच्या मागे कॅमेरा घेऊन फिरलो. त्याची लुंगी, त्याची बडबड, सगळं सहन केलं. प्लॉट तुझ्या बहिणीच्या, दर्शनाच्या नावावर करणार होता तो, मला शब्द दिलेला. आणि दिला कोणाला? एका फिटरला. तूही खूश होतास ना काल नकाशा बघताना? मी पाप केलं, तू फायदा घेणार. माझ्याकडे असं बघू नकोस."

धनेशने मान खाली घातली.

साहेबांनी स्वतः बेड्या मागवल्या. दुपारपर्यंत पत्रकार जमले. साहेब त्यांना सांगत होते की आम्हाला पहिल्यापासून संशय होता.

मेघना कोठडीकडे गेली. कुलूप काढलं. राजरत्न भिंतीला धरून उठला. सुटकेच्या कागदावर सही करायला तिने पेन पुढे केलं. त्याला बोटं मिटता येईनात. हाताचा पंजा सुजून काळानिळा झाला होता.

"हे कधी?"

"काल रात्री." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "कबूल कर बोलत होते."

काल रात्री. तिने मागून घेतलेला तो एक दिवस. पंपाच्या खोलीत पंढरी, प्लॉटवर चपला, आणि इथे हा. तिने त्याला सांगितलं असतं तर? साहेबांना नाही, निदान याला. ती त्याला एका शब्दाने बोलली नव्हती.

"माझ्या गॅरेजवर दगड पडले," तो म्हणाला. "गिऱ्हाईकं गाड्या घेऊन गेली. मोबाइलवर तो फोटो अजून फिरतोय. तुम्ही खुनी पकडलात, मॅडम. चांगलं केलंत. माझा हात असाच राहिला तर मी कसं काम करू?"

बाहेर साहेबांचा आवाज येत होता, कॅमेऱ्यांसमोरचा, भरदार.

"कोणी मारलं, नावं माहीत आहेत?" मेघनाने विचारलं.

"सांगितली तर तुम्ही लिहून घेणार आहात?"

तिने दरवाजा लावला नाही. उघडाच ठेवला, म्हणजे ठाण्यात सगळ्यांना ऐकू जाईल. खुर्ची ओढून त्याला दिली, स्वतः समोर बसली.

"बसा," ती म्हणाली. "आधी साहेबांचं नाव सांगा, मग बाकीच्यांची."