खालून येणारा ठोका

या, सरका शेकोटीजवळ. अंकित, तो मोबाईल खिशात ठेव. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐकायची. आणि सुमीत, तू हसतोस ना, हसून घे. घरी जाताना कापसाच्या जिनिंगच्या बाजूने एकटा जा, म्हणजे झालं.

ही काही पणज्याच्या काळातली गोष्ट नाही. मागच्या दत्तजयंतीची आदली रात्र. ज्याच्यावर गुदरली तो लहानू अजून आपल्या हार्डवेअरच्या दुकानात येतो, हूक-वायसर घेऊन जातो. पत्रे बसवणारा माणूस. गोदाम असो, दालमिल असो की मंगल कार्यालय, छप्पर गळालं की तळेगावात पहिला फोन त्यालाच. बोलायला कमी, कामाला चोख, आणि भुताखेताला तर तो तुमच्यापेक्षा जास्त हसायचा.

त्या दिवशी दिवेलागणीला तो दुकानात आला. हवा फिरली होती. डिसेंबरात पाऊस म्हणजे कापसाचं वाटोळं. आर्वी रोडवरच्या एका जिनिंगच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उचलले होते आणि आतल्या मालापायी शेठचा जीव वरखाली होत होता. जिनिंगचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

"जाऊन येतो भाऊ, तासाभराचं काम हाये," लहानू म्हणाला. बायकोने, रुख्मिणीने, प्रसादाला गूळ सांगितला होता, तो त्याने शेजारच्या दुकानातून घेतला. मेहुण्याला, गजेंद्रला, गाडीवर मागे बसवलं आणि निघाला.

आता शेडवर काम कसं चालतं ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. त्याच्याखाली लोखंडाच्या आडव्या पट्ट्या असतात, पाऊल त्यांच्यावरच पडलं पाहिजे. वीतभर चुकलं की माणूस खाली. जिनिंगच्या छपरावर रुईची धूळ बसून, पावसात कुजून सगळं एकसारखं काळं झालेलं असतं, बोल्टसुद्धा दिसत नाहीत. त्यातून उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे टाकलेले. उन्हाने पापडासारखे झालेले, आणि धुळीखाली ओळखूही येत नाहीत. म्हणून अंधार पडला की एक जण खाली उभा राहतो आणि लांब बांबूने त्या लोखंडावर ठोकतो. जिथे ठोका, तिथे पाऊल. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात.

लहानूसाठी हा बांबू वर्षानुवर्षं त्याच्या जोडीदाराने, माणिकने धरला. त्या वर्षीच्या पावसाळ्याआधी लहानू तापाने फणफणला होता. शेठला घाई. त्याने माणिकलाच वर चढवलं, याच शेडवर. खाली ठोकायला कोणी नव्हतं. मधल्या गल्लीवरचा फायबरचा पत्रा फुटला. ती गल्ली ट्रॅक्टर जाण्यासाठी मोकळी ठेवलेली, खाली सिमेंटचा कोबा. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलंच नाही. शेठने फुटला तेवढा पत्रा बदलला, बाकीचे तसेच राहू दिले.

माणिक गेल्यापासून लहानू त्या शेडकडे फिरकला नव्हता. त्या रात्री चढला खरा, पण शिडीवर पाय ठेवताना गजेंद्रला म्हणाला, "गजू, काहीई झालं तरी बांबू सोडू नोको."

"भाऊजी, मी काय लहान पोट्टा हाओ का?"

आवारातला दिवा जळत होता, तोवर काम नीट झालं. उचललेले पत्रे बसले, हूक आवळले गेले. परतायची वेळ झाली आणि लाईन गेली. चंद्र ढगाआड. मोबाईल खाली ठेवलेला. वर असताना वाजला तर पाय दचकतो म्हणून लहानू तो कधीच नेत नसे. वाऱ्याने कान भरून गेले. पावसाचा एखादा थेंब पडू लागला.

"गजू! ठोक!"

काही नाही...

लहानू जागच्या जागी बसला. ओला पत्रा म्हणजे यमाचं आमंत्रण. बसून तरी किती राहणार? घरी रुख्मिणी वाट पाहत असेल, हे त्याच्या मनात आलं आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या जिवाची भीती वाटली.

मग आला. ठण.

पायाच्या पुढेच. स्वच्छ, लोखंडाचा. लहानूला इतकं हायसं वाटलं की त्याने विचारलंही नाही. पाऊल टाकलं.

ठण. दुसरं पाऊल.

ठण.

हात मोठा सराईत होता. ना घाई, ना चूक. आपला गजू इतका छान कधी शिकला, असं त्याच्या मनात आलं. वर्षांची सवय, पोरांनो. कान ऐकतो आणि पाय निघतो, मधे डोकं येतच नाही.

"गजू, इकडून काऊन नेऊन राह्यला? शिडी तिकडे हाये."

पुढचा ठोका आला.

धप.

हा लोखंडाचा नव्हता. पण पाय पडून गेला होता. दुसराही.

आणि तेवढ्यात फाटकाकडून, लांबून, गजेंद्रची हाक आली. "भाऊजी! हलू नोका! बॅटरी आणाले ऑफिसात गेलतो! वाऱ्यानं ऐकू नाई आलं का?"

ठोका थांबला.

गजू फाटकाशी. मग खाली...

गजेंद्र धावत शेडमध्ये शिरला. बॅटरीचा झोत वर गेला, आणि लहानूच्या पायाखालचं छप्पर उजळलं. पिवळट, मळकट उजेड. तो फायबरच्या पत्र्याच्या मधोमध उभा होता. खाली गल्ली.

पत्रा खचला.

कुर्र... तडा गेला. त्याने ऐकला.

डोळे मिटले.

आणि पत्रा थांबला. खचलेला होता तो हळूच वर आला. अगदी तळव्याला टेकून. कोणी खालून रेटून धरावा तसा.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या उजेडात लोखंडाची काळी रेघ हातभर अंतरावर दिसत होती. लहानू पोटावर झोपला. इंच इंच सरकला. रेघेवर छाती आली तेव्हा तो लहान पोरासारखा रडला.

खाली आल्यावर पाहिलं तर बांबू भिंतीला टेकवलेला. गजेंद्र डोळे चोळत होता. वर पाहिलं तर रुईची धूळ भसाभसा डोळ्यात पडली, म्हणाला. तिथवर लहानूला नेलं कोणी आणि धरलं कोणी, एकानेच की दोघांनी, ते मला विचारू नका. मी वर्षभर विचार करतो आहे.

सकाळी लख्ख ऊन पडलं. लहानूने दुकानातून फायबरचा नवा पत्रा घेतला. टेम्पोत मीही बसलो. शेठ शेडमध्ये उभे होते. पत्रा पाहून म्हणाले, "परत ने. रात्री तुहं वजन पेललं ना त्यानं? मंग कशाले बदलवाचा?"

"पत्र्यानं नाई पेललं, शेठजी," लहानू म्हणाला. "वर पाहा."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. दोन मजले उंच, काळ्या धुळीत, पत्र्याच्या खालच्या अंगाला दोन तळहात उमटले होते. बोटं फाकलेली. तिथली धूळ पुसली गेली होती आणि तेवढ्यातूनच ऊन आत येत होतं. बाहेरच्या भिंतीला जडवलेली शिडी सोडली तर तिथवर पोचेल अशी शिडी त्या जिनिंगमध्ये नव्हती.

"किती दिवस धरून ठेवन तो?" लहानूने विचारलं. कोणाला विचारलं, कळलं नाही.

खाली कोब्यावर उजेडाचे दोन पंजे पडले होते. लहानू त्यांच्यावर पाय न देता, कडेकडेने बाहेर गेला.