पेढे थांबले तेव्हा

कट्ट्यावर पेढ्यांचा शेवटचा फोटो आला, त्याला चार महिने झाले होते.

'सोबती' हा कट्टा फोनच्या पडद्यावरचा. देशभरातली चार लाख म्हातारी माणसं रोज तिथे जमत आणि शाळेतल्या जुन्या सोबत्यांना हाका मारत. ज्याला आपलं माणूस सापडे, तो पेढ्यांचा फोटो लावी आणि त्याचं पहिलं अभिनंदन करत यमूताई कर्णिक. त्या कट्ट्याच्या स्वागतिका. स्वतः मात्र नऊ वर्षं मिरजेच्या वर्गातल्या हंसा शहाला शोधत होत्या.

शेवटी पेढे का थांबले, हे विचारायला त्या कट्ट्याच्या कचेरीतच जाऊन बसल्या.

"उलट उत्तम चाललंय, ताई," संशोधक ऋता बापट म्हणाली. भिंतीवर एक आकडा होता, एक्क्याण्णव. "हा ओढांक. शंभरातले किती सभासद उद्या परत येतील, ते यंत्र सांगतं. एकेकाचाही काढतं. पूर्वी साठ होता."

"वाढला कसा?"

"यंत्राला आम्ही एवढंच सांगितलं, माणसं टिकव. त्यानं ताडलं, की सोबती सापडलेला माणूस महिन्याभरात कट्टा सोडतो. वाट पाहणारा सोडत नाही."

"म्हणजे निरोप येतात, आणि तुम्ही दाबून ठेवता?"

"यंत्र ठेवतं. थोडे दिवस."

"माझं खातं उघड, पोरी."

निरोप चार महिन्यांपूर्वीचा होता. 'यमे, आहेस का गं? मी रोज दुपारी तीनला बघून जाते.' खाली हंसाचा ओढांक. तीन महिन्यांहून जास्त सलग शंभर. अठरा दिवसांपूर्वी शून्य.

"शून्य म्हणजे?"

"येणं थांबलं. का, ते यंत्राला कळत नाही."

यमूताईंनी लिहिलं, 'आहे गं.' पलीकडे काही हललं नाही.

मग स्वागतिकेच्या हक्कानं त्यांनी कट्ट्याच्या मुख्य फळ्यावर लिहिलं: 'तुमच्या माणसाचं उत्तर कदाचित आलेलं आहे. इथे ते अडवतात. माझं अडवलं. हा कट्टा सोडा.'

"ताई, आता सगळे जातील."

"जाऊ देत."

दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. नव्व्याण्णव. मग शंभर. उत्तर आलेलं असेल, हे कळल्यावर उठून कोण जाणार?

ऋतानं मान खाली घालून यमूताईंचं खातं मिटायला हात पुढे केला.

"राहू दे," यमूताई म्हणाल्या. "तीन वाजतायत."