दिवे लागेपर्यंत

टेबलावर दोन कप ठेवायला म्हणून अस्मी पुढे झाली आणि तिथेच अडकली.

आखातात, अल क्वोजच्या एका गोदामात सिनेमाचा सेट उभा होता. करामा या भारतीय वस्तीतल्या एखाद्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर असावं, तसं हुबेहूब. सेटवरच्या वस्तू जमवायचं काम अस्मीकडे होतं. करामातच लहानाची मोठी झालेली मुलगी ती. आईच्या फळीवरची निळ्या काठाच्या कपांची जोडीसुद्धा उचलून घेऊन आली होती. कप ठेवून वळते तोच अंधारातून हाक आली, "डोन्ट मूव्ह! सिट, प्लीज."

ती मुकाट्याने खुर्चीत टेकली. समोरच्या खुर्चीत आणखी एकजण तसाच बसवलेला होता. उंच, कुरळ्या केसांचा, मांडीवर केबलचं वेटोळं.

"तुलाही पकडलं?" तो मराठीत म्हणाला.

"मी मराठी आहे हे कसं ओळखलंस?"

"कप ठेवताना 'अगं बाई' म्हणालीस..."

त्याचं नाव अंश. अबूधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत आईवडिलांसोबत राहायचा आणि कॅमेऱ्याच्या केबली सांभाळायचा.

सिनेमात दिवे लावायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ नटांना ताटकळत ठेवत नाहीत; त्यांच्या उंचीची माणसं त्यांच्या जागी बसवतात आणि त्यांच्यावर उजेड पाहून घेतात. अस्मी नायिकेच्या उंचीची निघाली, अंश नायकाच्या. झालं! आता रोज सकाळी दोघांनी त्या टेबलाशी बसायचं, एकमेकांकडे बघायचं आणि काहीतरी बोलत राहायचं. आवाजाची चाचणीही त्यातच उरकायची, म्हणून टेबलाखाली माइक लावलेला असे.

काय बोलायचं? पहिल्या दिवशी अंशने कॅमेरामनच्या मिशांबद्दल मराठीत काहीतरी वात्रट बोलून पाहिलं. कुणाची मान वळली नाही. अमेरिकन, मल्याळी, फिलिपिनो, लेबनीज... कपडेपट सांभाळणाऱ्या मॅडम व्ही तेवढ्या आपल्याकडच्या वाटायच्या, पण त्यांच्या कानांवर हेडफोन आणि तोंडात कायम टाचण्या. त्यांना बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं.

इकडे वाढलेल्या मराठी मुलांची ही जुनी खोड. मॉलमध्ये, लिफ्टमध्ये मराठी म्हणजे आपली गुपितं बोलायची भाषा. आणि त्यातल्या प्रत्येकावर कधी ना कधी लिफ्टमधले एखादे काका "येतो हं बाळा" म्हणून उतरून गेल्याची पाळी आलेली असते. तरी खोड काही जात नाही.

तर दोघांनी एक खेळ काढला. ते टेबल आपल्या घरचं, आणि आपण नवराबायको.

"आज पुन्हा भेंडी?" अंश सुरू करायचा.

"मग लुलूमधून दुसरं काही आणायचं होतंस. हात नाहीत का तुला?"

"हात तुझ्याकडेच राहिलेत... परवा मेंदी दाखवताना धरले होतेस."

अस्मी हसू दाबायची. चेहरा हलला की कॅमेरामन रागवायचा. मग डोळेच हसायचे, आणि त्यांना रागवणारं तिथे कुणी नव्हतं.

दुपारी ती दिग्दर्शकाला, वॉरन मीकरना, करक चहा नेऊन द्यायची. म्हातारा अमेरिकन माणूस, बोलणं हळू. वेलचीचा वास घेत घेत एकदा त्यांनी तिला आपली सगळी वाटचाल सांगितली. ओहायोतल्या एका गावात ते लग्नांच्या व्हिडिओफिती काढायचे. पहिला सिनेमा केला तेव्हा एका भांडणाच्या प्रसंगात इतके रंगले की 'कट' म्हणायचंच विसरले. संवाद संपले होते. नटीला काय करावं सुचेना, म्हणून तिने नटाच्या शर्टाचं उघडं बटण हळूच लावून दिलं. लोकांनी तो सिनेमा त्या बटणासाठी पाहिला. मग मोठे निर्माते आले, घाईचा कारभार आला. मीकर वेळेवर 'कट' म्हणायला शिकले आणि त्यांचे सिनेमे एकामागून एक पडले. कित्येक वर्षं नुसत्या जाहिराती केल्या. आता उतारवयात, परदेशी येऊन राहिलेल्या एका जोडप्याची ही छोटी गोष्ट ते जपून करत होते.

"प्रसंग संपला असं आपल्याला वाटतं ना," ते म्हणाले, "माणसं खरी तिथून बोलायला लागतात. मी फार वर्षं घाई केली, अस्मी."

दुसऱ्या दिवशी खेळाखेळात अंश म्हणाला, "या शनिवारी मी न्यूझीलंडला चाललोय हं. तिथल्या कंपनीत काम मिळालंय. भेंडी एकट्यापुरतीच आण."

"स्वेटर ने," अस्मीने खेळातलंच उत्तर दिलं. पण संध्याकाळी मेट्रोत तिला तेच आठवत राहिलं. न्यूझीलंड खरं होतं, तिने विचारून खात्री केली होती. मग बाकीचं? ते हात, ती मेंदी... खेळ कुठला आणि खरं कुठलं? विचारावं, आणि तो नुसताच हसला तर?

शेवटच्या सकाळी अंशचे शब्द संपले. भेंडी नाही, टोमणा नाही. तो नुसता तिच्याकडे बघत बसला. अस्मीनेच धीर केला.

"अंश, आता बघतोयस ते... खेळातलं आहे?"

"दिवे केव्हाच लागलेत," तो हलकेच म्हणाला. "तुझ्या मागे हीरो-हिरॉइन तयार होऊन उभे आहेत."

"मग उठला का नाहीस?"

"उठलो असतो तर खेळ खलास. मग खरं बोलावं लागलं असतं, आणि त्याचीच भीती वाटत होती." त्याने मांडीवरची केबल खाली ठेवली. "वर्षभराचं काम आहे. मी परत येणार आहे, अस्मी... तू जिथे असशील तिथे. माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे खेळातलं नाही."

सेटवरची वस्तू तसूभर हलली तर अस्मी साऱ्यांना धारेवर धरायची. तिनेच आता आपल्या पुढचा कप उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"हा घेऊन जा. जोडीतला आहे... परत आणावा लागेल."

अंधारात कुणीतरी नाक ओढलं. मॅडम व्हींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या होत्या, आणि मीकरांच्या कानाशी लागून कपाचं वाक्य त्या इंग्रजीत सांगत होत्या. टेबलाखालचा माइक त्यांच्या हेडफोनमध्ये ऐकू यायचा; आजवरची भेंडीही त्यांनीच मीकरांपर्यंत पोचवली होती. मग त्या चांगल्या खणखणीत मराठीत म्हणाल्या, "पोरी, मी वैभवी, सांगलीची. कप शॉट झाल्यावर दे गं. आत्ता जोडी लागणार आहे."

दोघांचे चेहरे कानापर्यंत लाल झाले. मीकर चष्मा पुसत होते. 'कट' मात्र त्यांनी अजूनही म्हटलं नव्हतं.

शनिवारी विमानतळावरून अस्मी घरी आली, तेव्हा आई फळी आवरत होती.

"एकच कप आणलास? दुसरा कुठाय गं?"

"येतोय, आई," अस्मी म्हणाली. "एकटा नाही येणार... इन्शाल्ला."