‘जरासं’ म्हणजे किती?

आईच्या दुखण्याला मोजूने दहापैकी दोनच गुण दिले होते. मग साधा ठसका लागला तरी तिच्या डोळ्यांत पाणी का यावं, हे चार्वीला काही केल्या उमगेना.

मोजू हा इस्पितळातला यंत्रमानव. सकाळीच पोटाला बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीने आईचं पित्ताशय काढलं होतं. किती दुखतंय, असं मोजूने विचारल्यावर आई म्हणाली होती, “जरासं.”

चार्वीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील अण्णा, तिथलेच भूलतज्ज्ञ. त्यांनी नातीला समजावलं, की दुखण्याचा निरोप चेतातंतूंच्या (मेंदूला खबर देणाऱ्या धाग्यांच्या) वाटेने जातो. वाटेत बधिर करणारं औषध सोडलं की तो अडतो. हा झाला चेतारोध (चेतातंतूंची नाकाबंदी). पोटाच्या भिंतीत सुई दिली तर छिद्रांचं दुखणं थांबतं. पाठीच्या कण्याजवळ दिली तर कदाचित आतलंही थांबतं. कोणती सरस ते पाहायला अण्णांनी काही वर्षांपूर्वी चिठ्ठ्या टाकून अशाच शस्त्रक्रियेच्या बायकांचे दोन गट केले होते. गुण सारखेच आले, म्हणून तेव्हापासून सगळ्यांना सोपी, पोटातली सुई. आईलाही तीच.

“पण आई सगळ्यालाच जरासं म्हणते,” चार्वी म्हणाली. “हात भाजून फोड आला, तरी जरासंच म्हणत पोळ्या लाटत होती.”

अण्णांनी मोजूला विचारलं, त्या दोन गटांतल्या बायका काय म्हणाल्या होत्या. दोन्ही गटांत बहुतेकींनी ‘जरासं’च म्हटलं होतं. जरासं म्हणजे दोन, हे मोजूला अण्णांनीच शिकवलं होतं.

अण्णांचा चेहरा उतरला. उत्तरच एक असल्यावर सुयांमधला फरक दिसणार कुठून? नुसत्या पडून असलेल्या माणसाला विचारून भागत नाही, हालचाल करताना मोजायला हवं. त्यांनी आईला खोकायला सांगितलं. ती अर्ध्यातच उशी आवळून थांबली.

“सांगायचं नाही का गं?” अण्णांनी विचारलं.

“दुखतं म्हटलं की नाटकं करू नकोस म्हणायचात तुम्ही,” आई भिंतीकडे बघत म्हणाली. “मग सांगायची सवयच मोडली.”

 आधी किती औषध गेलंय ते पाहून अण्णांनी पाठीत सुई दिली. काही वेळाने आई नीट खोकली. पण एकटीवरून काही ठरत नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, असं ते म्हणाले.

चार्वीचा राग मात्र जाईना. “आणि इतकी वर्षं ज्यांना जरासंच दुखलं, त्यांचं काय?”

“त्यांचं दुखून गेलं,” आईच म्हणाली.

मोजूने पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना खोकायला सांगितलं. त्या मोठ्याने ओरडल्या. त्यांना कुणीही गप्प केलं नाही. अण्णा उठून त्यांच्याकडे गेले.