माय येऊन गेली

मार्चची दुपार होती. धुळ्याच्या कॉलेजात पालकांचा मेळावा भरायचा होता, आणि हॉलच्या दाराशी गुलाबाची फुलं वाटायला कुंदा उभी होती. तेवढ्यात एक उंच, सावळा मुलगा जिना चढून घाईघाईने आला आणि तिच्या हातातल्या परातीवर जवळजवळ आदळलाच. फुलं सगळी पायरीवर.

"बघून चालत जा की," ती म्हणाली.

"बघतच चालत होतो," तो खाली वाकून फुलं वेचू लागला. "म्हणूनच तर..."

कुंदाला हसू आलं. ते तिने ओठांत दाबलं. हा तिच्या वर्गातला अभिमन. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, नेहमी मागच्या बाकावर बसणारा.

"तुमच्या घरचं कोण येणार?"

"कोणी नाही." फूल परातीत ठेवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. "आबा म्हणतात, परीक्षा झाली की पुरे, शेतात ये. घरात कॉलेज म्हणजे काय ते कोणालाच माहीत नाही. त्यांनी तरी येऊन काय करावं?"

तो निघून गेला. मेळाव्याची कल्पना सुनंदाबाईंची. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. त्या म्हणत, "आपली मुलं वर्गात मागे पडत नाहीत गं, घरी एकटी पडतात. घरच्यांना आत घ्यायला हवं."

मेळावा सुरू झाला. पंखे फिरत होते, तरी माणसं धोतराच्या सोग्याने घाम पुसत होती. कुंदा दार लोटणार, एवढ्यात एक बाई आत आली. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण. डावा हात पदराखाली झाकलेला.

"मी अभिमननी माय."

कुंदाने तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बाईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता, पदर मात्र निथळत होता. फरशीवर पाण्याचं थारोळं साचत गेलं.

"मावशी, पदर कसा भिजला?"

"नदीवरतीन उनू."

पांझरा नदी तर महिनाभरापासून कोरडी होती. कुंदाच्या दंडावर शहारा आला. पण बाई इतक्या मायेने सगळं ऐकत होती, मान डोलवत होती... उठताना ती कुंदाच्या कानाशी वाकली. तिचा श्वास गार होता, विहिरीतून येणाऱ्या वाऱ्यासारखा.

"त्याना बापले सांगजो, मी रागमा नई. बैठकनी खोली उघाड म्हणा. पोऱ्याले अभ्यासले जागा नई शे."

कुंदाने चहाचा कप घ्यायला मान वळवली. परत पाहिलं, तर खुर्ची रिकामी होती आणि फरशी कोरडी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तिने अभिमनला गाठलं. "खोटं कशाला बोललात? तुमच्या आई आल्या होत्या."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "थट्टेलाही काही मर्यादा असते, कुंदा. मी सातवीत असताना गेली ती. पांझरेच्या पुरात."

कुंदाने कठड्याला धरलं, आणि मग हळूहळू सगळं सांगितलं... गोंदण, पदराखालचा हात, गार श्वास. निरोपाचे शब्दही तिने जसेच्या तसे उच्चारले. ती शहरातली मुलगी, तिला एरवी गावाकडची अहिराणी धड बोलता येत नव्हती. पण हे शब्द अभिमनला थेट मायचेच वाटले. तो म्हणाला, "रविवारी घरी याल?"

सुनंदाबाईंना सोबत घेऊन ती गेली. गाव नदीकाठी. सकाळची वेळ, तरी गल्लीत पाखराचाही आवाज नव्हता. अभिमनचे वडील, धनसिंग आबा, ओट्यावर बसले होते, करड्या मिशांचे, अबोल. अभिमनला पुढे शिकू द्या, हे सुनंदाबाईंचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "बाई, आम्हना घरमा कोणी शिकेल नई. त्यानं आते बस व्हयनं."

मग कुंदा बोलली. तिने मायचा निरोप सांगितला.

आबा ताडकन उभे राहिले. "हाई तुले कोणी सांगं?"

"त्यांनीच. डावा हात पदराखाली होता त्यांचा."

म्हातारा मटकन खाली बसला. बायकोचा तो हात चुलीवर भाजलेला होता, आणि बाहेरच्या माणसाला ती तो कधी दिसू देत नसे. पोराला पुढे शिकवायचं की नाही यावरून त्याच खोलीत नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ती तशीच शेतात गेली. परतताना नदीला पाणी आलं. खोलीला तेव्हापासून कुलूप होतं.

आबांनी कुलूप काढलं. धूळ उडेल म्हणून सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले... पण जमीन नुकतीच सारवलेली होती. ओल अजून वाळली नव्हती.

अभिमन त्या खोलीत अभ्यास करून परीक्षेला बसला. दाराबाहेर आबा बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानेच गप्प करत. जूनमध्ये तो पहिल्या वर्गात पास झाला, तेव्हा आबांनी कुंदाला आणि सुनंदाबाईंना वरण-बट्टी जेवायला बोलावलं. पंगतीत ते भाऊबंदांना कौतुकाने सांगत होते, "पोऱ्या तिसऱ्या वर्षाले जाई राहिना."

जेवण झाल्यावर अभिमनने कुंदाला खोली दाखवली. खिडकीजवळ टेबल, वर पुस्तकं.

"इथे एकट्याला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"वाटायची. मग मी मोठ्याने वाचायचो... आणि समोर तुम्ही बसल्या आहात, असं समजायचो."

"मी? आणि मी काय करायचे?"

"मी चुकलो की हसायच्या."

कुंदाने मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या अंगणात काकणं वाजली, भांडी घासताना वाजतात तशी. तिने खिडकीतून पाहिलं. अंगण उन्हात रिकामं पडलं होतं.

"ऐकलं?" तो कुजबुजला.

"हो."

"घाबरलात?"

"हो..." तिने त्याचा हात घट्ट धरला. आजवर ती त्याला अहोजाहोच करत आली होती. "पण तू हात सोडू नकोस."