बाहेरचं फोल्डर

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसायला धड खुर्ची नव्हती, पण भिंतीवर टीव्ही मात्र दाराएवढा लावला होता. टाक्यांची पातळी, पंपांचं तापमान, पाइपातला दाब हे सगळं त्यावर एका नजरेत दिसावं, म्हणून तिला कंत्राटावर आणलं होतं. कॉलेज अर्ध्यात सोडून, ठेचकाळत, शिव्या खात ती हे काम शिकली होती. कॉलेज सोडलं म्हणून अप्पांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. आई गेली तेव्हाही बाप-लेक एका खोलीत पाठीला पाठ लावून बसले होते. आणि अप्पा याच केंद्रात पंप ऑपरेटर. हे कंत्राट तिने कशासाठी धरलं, ते तिला कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं.

काल अप्पा बोलले होते. जेवताना आपला डबा तिच्यापुढे सरकवत म्हणाले, "चिमणे, तुझी आई असती तर दोघांच्याही थोबाडीत दिली असती." एवढंच. तिला तेवढ्यावर वर्षभर जगता आलं असतं.

आज सकाळी टीव्हीवरचा डॅशबोर्ड कोरा.

यात भुताटकी नव्हती, तिचाच आळस होता. डॅशबोर्डचं ॲप कंटेनरमध्ये चालत होतं. साच्यातून काढलेलं एक बंद खोकं म्हणा. बिघडलं तर दुरुस्त करत बसायचं नाही. फेकायचं आणि त्याच साच्यातून नवं उभं करायचं. पण आत मांडलेला संसार खोक्याबरोबर जातो. तो टिकवायचा तर बाहेरचं एक फोल्डर जोडावं लागतं. ते जोडलं की ॲप बोंबलायचं, त्यात लिहायची परवानगी नाही. मरू दे, नंतर बघू, म्हणून तिने ते टाळलं होतं. सकाळी खोकं कोसळलं, तिने नवं उभं केलं आणि कालची मेहनत पाण्यात.

तेवढ्यात साहेब आले. "दाबाचा आकडा लाल पाहिजे."

"साहेब, कालच बोललो ना आपण. करूनही दाखवला होता."

"काल? काल आपली भेट कुठे झाली?"

साहेब लोकांना विसरण्याचाच पगार असतो. तिने दात-ओठ खात आकडा पुन्हा लाल केला.

जेवायच्या सुट्टीत अप्पा डबा घेऊन पार पलीकडच्या बाकावर बसले. ती जवळ गेली.

"अप्पा, काय झालं आता?"

"कामाचं असेल तर बोल."

"काल तर नीट बोललात."

"काल?" अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, ते थेट जुन्याच नजरेने. "मी काल तुझ्याशी बोललो?"

म्हातारा फिरला, असं तिला वाटलं. राग गिळून ती दोन दिवस त्यांच्या आसपास घोटाळत राहिली. शेवटी त्यांनी डबा सरकवला. "चिमणे, तुझी आई असती तर दोघांच्याही थोबाडीत दिली असती." तोच सूर, शेवटी तोच खोकला.

दुपारी ॲप अडकलं. सवयीने तिने खोकं फेकलं, नवं उभं केलं. संध्याकाळी गेटवर अप्पा तिच्या शेजारून परके होऊन गेले.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. काय ते एकदा बघूच, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने वॉचमनला गाठलं. "काका, साहेब आणि मोटर यात फरक काय? मोटर तापली की आपोआप बंद पडते." काका ठसका लागेपर्यंत हसले. ती वर गेली, कंटेनर नव्याने उभा केला, खाली आली आणि तोच विनोद पुन्हा सांगितला.

काका ठसका लागेपर्यंत हसले.

ती पायरीवर बसून राहिली. मग उठली, कारण बसून काय होणार होतं? फोल्डर जोडायलाच हवं होतं. ॲपच्या नव्या व्हर्जनला परवानगीचं दुखणं होतं. जुन्याला ते नव्हतं, असं लोकांनी लिहून ठेवलेलं तिला सापडलं. जुनं व्हर्जन, बाहेरचं फोल्डर. अप्पा आणखी एकदा रुसतील, ती आणखी एकदा समजूत काढेल, पण त्यानंतर तरी कुणाच्या डोक्यातलं काही पुसलं जाणार नाही. हिशेब सरळ होता.

तिने जुनं व्हर्जन चढवलं. फोल्डर पहिल्याच फटक्यात जोडलं गेलं. डॅशबोर्डवर एक फोटो लावून तिने खोकं नव्याने उभं केलं. फोटो जागेवर होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शिवी आली नाही.

मग तिला वास आला. ब्लीचिंग पावडरचा. तो लहानपणी अप्पांच्या शर्टाला यायचा. केंद्रात ती पावडर बंद होऊन जमाना झाला होता.

ती धावत पंपघरात गेली.

अप्पा होते. तेच पांढरे केस, तोच वाकलेला खांदा. तिला पाहून ते चटकन उभे राहिले आणि हात पुसू लागले.

"या मॅडम. नव्या आलात का?"

"अप्पा, मी आहे."

"हो, हो," ते संकोचून हसले. "एक विनंती होती. आज जरा लवकर सोडाल? घरी बायको एकटी आहे. पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत तिचे."

झटका आला असेल, डॉक्टरला बोलवायला हवं, असं म्हणत तिने मोबाइल काढला.

"फोन आहे का हा? घरी लावून द्याल?"

त्यांनी नंबर सांगितला. तो तिला पाठ होता. घरच्या फोनची ती लाइन आई गेल्यावर तिनेच अर्ज देऊन बंद करून घेतली होती.

तरी तिने तो लावला. त्यांना पटावं म्हणून.

रिंग वाजली.

कुणीतरी उचलला.

अप्पांनी मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला. त्यांचा आवाज मऊ झाला. "अगं, निघतोच आहे. तू पडून राहा. नाही, ऑफिसचा नाही फोन."

ती वर पळाली. फोल्डर तोडलं, पुसलं, नवं व्हर्जन चढवलं, खोकी फेकत राहिली. दर वेळी स्क्रीनवर मघाचाच फोटो. सगळं सुरक्षित.

खाली आली तेव्हा अप्पा अजून बोलत होते. तिला पाहून त्यांनी मोबाइलवर तळहात ठेवला.

"ती विचारतेय, फोन कुणाचा आहे," ते म्हणाले. "काय सांगू?"