साहेब तिचाच

साहेबाला रक्त तपासायला नेलं होतं, एवढंच. साहेब म्हणजे आमचा कुत्रा, बारा वर्षांचा. सारखं पाणी प्यायचा, हाडं दिसायला लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं निकामी झालीत. म्हातारपणी बहुतेकांचं हेच होतं. सलाईनवर महिना-दीड महिना निघेल. इंजेक्शन देऊन सोडवायचं असेल तर तुम्ही ठरवा. पण घाई नाही."

घाई मला होती. तुमच्यापासून काय लपवायचं! बारा वर्षं याला फिरायला न्यायचं मी, गोचिड्या काढायच्या मी, आणि शेपूट हलायची ती आमच्या हिला बघून. ही पंधरा दिवस मुलीकडे गेली, तर पठ्ठ्या दाराकडे तोंड करून पडलेला. माझ्या हातचं हुंगायचासुद्धा नाही. नुसता जळफळाट व्हायचा माझा. फोनवर ही म्हणाली, "परवा येतेच आहे. तोवर सांभाळा हो त्याला."

दुसऱ्याच दिवशी मी सही केली. म्हटलं, शेवटचं तोंड तरी माझं बघेल. डोकं मांडीवर घेऊन बसलो. मेला शेवटपर्यंत दाराकडेच बघत होता.

ही यायच्या आत पुरूनही टाकला. "झोपेत गेला," असं सांगितलं हिला. खूप रडली.

आठवड्याभरानं चहा पिताना हिनं खुर्चीवरून हात खाली सोडला. "आला बघा," हळूच म्हणाली. "नखं वाजताहेत..." मला काही म्हणजे काही ऐकू येईना. मग रोज तेच. मेल्यावरसुद्धा हिच्याकडेच! भीती राहिली बाजूला, माझ्या पोटात दुखायला लागलं.

काल संध्याकाळी ही दूध आणायला गेली. मी हिची शाल पांघरली, हिच्या खुर्चीत बसलो, हात खाली सोडला. खोलीत ओल्या केसांचा वास भरला. मग फरशीवर नखं... टक... टक... थंडगार नाक तळहाताला टेकलं. काय सांगू, डोळे भरून आले माझे. न राहवून म्हणालो, "साहेब... मी आहे रे."

त्याचा श्वास थांबला. मग माझ्या हातात पाय आला. बोटांना गुळगुळीत कातडी लागली, इवलीशी जागा. शेवटच्या इंजेक्शनची सुई शिरेत घालायला डॉक्टरीणबाईंनी तिथलेच केस काढले होते.

दार उघडून ही आत आली. आधी शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हालाही दिला का पाय?" तिनं विचारलं. "मला रोज देतो... पुढचा उजवा." शाल माझ्या अंगावरून काढून घेतली. "झोपेत गेला म्हणालात ना? मग तिथले केस कुणी हो कापले?"

दूध ठेवून ही आत गेली, ती कालपासून बाहेर आलेली नाही. अंधारून आलं, दिवा तेवढा तुम्हीच लावा. मला हा हात उचलता येत नाही... पाय अजून त्यातच आहे.